फ्लॅश काउंट

वाकडेवाडीच्या सर्व्हिस सेंटरला
सहा महिन्यांची गाडी टोचनवर आली.
गव्हाण्यांचा निनाद म्हणाला, काहीच केलं नाही हो,
कात्रजच्या चढाला आपोआप दम सोडला.

मी मान हलवली.

सायलेन्सर कंपनीचाच. काल रात्री परत चढवलेला,
नटांवर पान्याचे ताजे ओरखडे.
एअर फिल्टरही मूळचा,
सहा महिन्यांत पुण्याची धूळच न खाल्लेला.

लॅपटॉप जोडला.
ईसीयूला लाजबीज नसते, विचारलं की सांगतो:
फ्लॅश काउंट तीन.
कंपनीनं लिहिलं होतं एकदाच.

बाकी वॉरंटी आहे, म्हटलं. एसी, स्टिअरिंग,
काचा वर-खाली करणारी मोटर, सगळं आहे.
टर्बो नाही.
एक लाख चाळीस, जीएसटी वेगळा.

तो भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिला,
पाच तारखेचा हप्ता तिथंच कुठंतरी.
मग म्हणाला, बाबांना तुम्ही फोन कराल?
माझ्या आवाजावरून त्यांना कळतं.

'अमान्य'चा शिक्का मारता मारता
जिभेवर आलेला एक प्रश्न मी गिळला,
वॉरंटीबाहेरचा:
खेड शिवापूरच्या पुढं, रिकाम्या रस्त्याला, पहाटे
पळाली कशी रे?