रेडिचमधली शेड

इंजिन बंद असतं तेव्हा
सेन्सर शहाण्या मुलासारखा बोलतो:
अठरा अंश, अठरा अंश, साडेअठरा.
किक मारली की मूग गिळतो.

ठिणगी उडते, हवेत खरखर उधळते
आणि माझे आकडे वाटेतच मरतात.
लॅपटॉपवर नुसत्या रेघा.
ऐन तापात नाडी लागत नाही.

ग्विलिम, एका कानानं ठार बहिरा,
सिलिंडरजवळ तळवा नेतो, टेकवत नाही.
“एकशे दहा.”

मी प्लगची टोपी बदलतो, रेझिस्टरवाली घालतो,
अँटेना सीटमागे, वायरला फॉइल.
चहा गार. पुन्हा किक.

एकशे बारा.

स्क्रीन त्याच्याकडे वळवतो.
तो चिंधीला हात पुसतोय.
“ते दोन अंश,” म्हणतो,
“वयाचे.”