अठ्ठेचाळीस सेकंद

नियम मीच टाइप केला होता,
नेरूळच्या कॅम्पसात, तिसऱ्या मजल्यावर,
एसी बंद पडलेल्या एडिटिंगच्या खोलीत:
लघुपटाची लांबी, श्रेयनामावली धरून, दहा मिनिटं.
खाली ठळक अक्षरांत – अपवाद नाही.
लिहिताना बरं वाटलं.
विसाव्या वर्षी असलं काही लिहायला
रोज कुठे मिळतं.

मग आले एकशे त्र्याण्णव.
लिंका, पेनड्राइव्ह,
एक तर कुरियरनं, खाकी पाकिटात, पत्ता आईच्या अक्षरात.
सत्तावीस ब्रेकअप. चौदा भुतं,
त्यातली नऊ एकाच हॉस्टेलच्या जिन्यात.
ड्रोनमधून पाम बीच रोड इतक्यांदा पाहिला
की त्याचे खांब मी झोपेत मोजायचे.
फायनल. फायनल दोन. आता खरंच फायनल.

हेमाली घरतचा दहा मिनिटं अठ्ठेचाळीस.

तिचे बाबा स्कूटरवरून जातात
विमानतळाच्या पत्र्याच्या कुंपणापर्यंत,
हेल्मेट आरशाला अडकवतात,
आणि फटीतून बोट घालून सपाट जमिनीवर दाखवत जातात:
यो ओटा. यी पायरी. यो आंबा, नाय, आंबा तिकडं.
मग बोट काढून घेतात
आणि उभे राहतात.
मागे कुठेतरी डंपर रिव्हर्स घेतोय, टूं टूं टूं.
बस. एवढंच चालू राहतं.

मी फोन केला. म्हटलं, शेवट काप ना,
बाबा नुसते उभे आहेत तिथून.
ती म्हणाली, नुसते नाहीयेत.
बराच वेळ पंख्याचा आवाज आला तिच्याकडचा.
मग म्हणाली, बरं.

दुसऱ्या दिवशी दोन फाइली.
एक बरोब्बर दहा मिनिटांची.
दुसरीचं नाव: उरलेलं.

महोत्सवाच्या दिवशी बॅनरवर 'महोस्तव' छापून आलं.
विहंगनं त्यावर झेंडूची माळ सोडली, लांब.
पाहुणे सीवूड्सच्या सिग्नललाच आहेत असं
सव्वा तास कळत राहिलं,
म्हणून प्रश्नोत्तरं कापली, स्वागतगीत कापलं,
एका भुताचा ट्रेलर कापला.
चहाची सुट्टी तेवढी राहिली, कारण समोसे आले होते.

हॉल रिकामा झाला तेव्हा मी दुसरी फाइल लावली.
कुणाला सांगितलं नाही. दिवेही घालवले नाहीत.
परीक्षक बाई एक सँडल काढून बसल्या होत्या,
मागे कुणीतरी झोपलं होतं,
आणि शेवंतामावशी रांगांमधून कागदी कप गोळा करत होती.

पडद्यावर एक माणूस, पाठमोरा.
मावशी थांबली. अडकलं का गं?
म्हटलं, नाही मावशी, ते उभे आहेत.
तिनं कपांची चळत मांडीवर घेतली
आणि कडेच्या खुर्चीवर टेकली.
टूं टूं टूं.
परीक्षक बाईंनी सँडल घालायला घेतली होती,
ती हातातच राहिली.

बक्षीस जिन्यातल्या भुताला गेलं.
चांगलंच होतं ते भूत, खोटं कशाला बोलू.

रात्री वायरी गुंडाळताना हेमाली आली,
सोबत बाबा, इस्त्रीच्या शर्टात, कॉलरला अजून घडी.
दारातून बघितलं म्हणाले, समोसा हातात होता.
मी काहीतरी मोठं बोलायला तोंड उघडलं,
त्या शांततेबद्दल, त्या शेवटाबद्दल.
ते हसले. म्हणाले,
पोरीनं बस म्हटलाच नाय,
म्हनून उभा रायलो.

हेमाली माझ्या हातातली वायर
उगाच दुसऱ्या बाजूनं गुंडाळू लागली.