भवानी

सकाळी नऊला शटर वर जातं
आणि पहिलं गिऱ्हाईक येतं ते घ्यायला नाही,
परत करायला.
तीन जीन्स, एकाच रंगाच्या, तीन मापांच्या.
"एक बसली," म्हणते, "या दोन घ्या."
मी बारकोड दाखवते, यंत्र टुक करतं,
तिचे पैसे तिच्या फोनकडे निघतात
आणि आमच्या खात्यात अठ्ठेचाळीस पेन्स.
हीच आता भवानी.

बार्शीला वडील पहिली नोट
कपाळाला लावून मगच गल्ल्यात टाकत.
अठ्ठेचाळीस पेन्स कसे लावू कपाळाला,
ते दिसतच नाहीत.

कीथलीत आले ब्याऐंशीच्या नोव्हेंबरात.
ऑग्डनबाईंच्या दुकानात काउंटरच्या कडेला
पितळेची पट्टी ठोकलेली, बरोबर एक वार.
ती बघून जीव भांड्यात पडला:
इथेही वारावर मोजतात.
इंग्रजी अडखळायचं, कात्री नाही.
दर तुकड्याला चार बोटं जास्त सोडायचे,
वडिलांची सवय.
बाईंनी महिनाभर पाहिलं,
मग म्हणाल्या, दोन बोटं पुरेत.

मीटर आला तरी पट्टी राहिली.
पण बायका शिवेनाशा झाल्या.
ठाणं उभ्या उभ्या घडीवर पिवळी पडली.
बाईंनी पडदे आणले, पडद्यांनी आठ वर्षं काढली.
मग लोकर.
मग शाळेचे गणवेश, तोवर गावाबाहेरच्या मोठ्या दुकानात
बटाट्यांशेजारी गणवेश टांगले गेले,
आमच्या निम्म्या भावात.
बाई गेल्या त्या साली
आम्ही वाढदिवसाची कार्डं विकत होतो
आणि एका कोपऱ्यात, का कोण जाणे, मेणबत्त्या.

आता त्यांचा भाचा, रसेल.
त्याने काउंटर तोडला, पार्सलांना खण केले.
ठाणांच्या जागी एक आरसा,
खुर्ची, चांगला दिवा, ओढायला पडदा.
"घरी नेऊन परत कशाला आणतील?
इथेच घालून बघू देत."
कापड दुसऱ्याचं, भाव दुसऱ्याचा,
आपला फक्त आरसा!
मी म्हटलं, रसेल, ही धर्मशाळा झाली.
त्याला शब्द कळला नाही.
तिसऱ्या आठवड्यात दाराबाहेर रांग होती,
मग मीही गप्प बसले.

परवा पडद्याआडून एक पोरगा बाहेर आला, इद्रिस,
एकोणीस वर्षांचा असेल, निळा सूट,
बाह्या अंगठ्याच्या पेरापर्यंत.
"परत करायचा?" मी विचारलं.
उद्या सकाळी मुलाखत आहे म्हणाला,
आणि स्वतःकडे न बघता आरशाकडे बघत राहिला,
जणू चूक आरशाची आहे.

पर्समध्ये टाचण्या असतातच माझ्या.
त्याचा हात धरला, मनगट सापडलं,
दुमडलं, टाचलं.
"हलू नकोस," मी म्हटलं, चुकून मराठीत.
हलला नाही.

दुपारच्या सुट्टीत उसवून पुन्हा घातली शिवण,
जादा कापड कापलं नाही, आत दडवलं.
एकोणिसाव्या वर्षी वाढतात कुणाकुणाचे हात.
किती सोडलंत, रसेलने विचारलं.
दोन बोटं, मी म्हणाले.
तो काही बोलला नाही.
तळघरात गेला, खोक्यांखाली खुडबुडला,
धुळीने माखलेली पट्टी घेऊन वर आला
आणि कुठे ठोकायची हे न सुचून
हातातच धरून उभा राहिला.

आज काचेवर पाटी आहे:
बाह्या, पायघोळ, चेन. सहा पौंडांपासून.
स्पेलिंग एक चुकलंय, मी सांगितलं नाही अजून.

नऊ वाजून दहा मिनिटं.
एक बाई, एक कोट, अस्तर सुटलेलं.
तिने फोन टेकवला. टुक.
माझा हात आपोआप कपाळाकडे गेला,
बोटात अंगुस्तान होतं,
गार लागलं.

मागे दोघं उभी आहेत
परत करायला.