लाभ, दोन, तीन

लातूर एमआयडीसी, तिसरी पाळी.
डाळ निवडणाऱ्या यंत्रापुढे मी बसलेय,
मांडीवर लॅपटॉप, केसांत तुरीचा भुसा.

यंत्राच्या पोटात दोन भाषा नांदतात.
एक माझी: सकाळी लिहा, दुपारी खोडा,
चुकलं तर ओळ नंबरासकट सांगते.
दुसरी मन्मथअप्पांची.
त्यांनी सी-मध्ये लिहिलं, कंपाइल केलं
आणि निलंग्याला निघून गेले, ते गेलेच.
मूळ कोडची डिस्क कुणालाच सापडत नाही.
उरलाय शिजलेला भात;
त्यातून तांदूळ परत निघत नाही.
आणि एक पानभर यादी: फंक्शनांची नावं,
कुणाला काय द्यायचं, ते काय परत देईल.

दाणा काचेसमोरून पडतो.
माझी स्क्रिप्ट ठरवते: खडा, काळा की चांगला.
पण फुंकर मारायला तिला हात नाहीत.
म्हणून मी स्टॅकवर पन्हळीचा नंबर ठेवते,
त्यावर मिलिसेकंद,
आणि अप्पांच्या फंक्शनला हाक मारते.
ते विचारत नाही कोण, कशाला.
ठेवलेलं उचलतं, करतं, एक आकडा ठेवून जातं.
शून्य म्हणजे झालं.

आज शून्यच येतंय. झालं, झालं, झालं.
आणि तरी काळा दाणा पोत्यात,
शेजारचा पिवळाधमक, बिनदोष,
हवेच्या एका थपडेनं नाकारलेल्यांच्या ढिगात.
शेठ दोनदा डोकावून गेले. बोलले काही नाहीत.

शेडच्या कोपऱ्यात वैजिनाथ मापाडी
बायांना चुरी वाटून देतोय, अधोलीनं:
लाभ... दोन... तीन...
"एक का म्हणत नाही?"
"पहिल्या मापाला एक म्हणत नसतेत, माय.
लाभ म्हणतेत.
तू काय करलालीस इतक्या रातीला?"

मी यादी पुन्हा उघडली.
माझी भाषा एकापासून मोजते, अप्पांची शून्यापासून.
हे मला ठाऊक होतं,
परीक्षेत दोन गुण मिळावेत इतपत ठाऊक होतं.
माझी प्रत्येक हाक
शेजारच्या दारावर थाप मारत होती.

उणे एक.
एवढंच टाइप केलं.
फुंकर. काळा दाणा बाजूला उडाला.
वैजिनाथनं मान वर केली नाही, त्याचं सात चाललं होतं.
कोडमधल्या टिपेत मी लिहिलं:
पहिल्या पन्हळीला लाभ म्हणावं.

मग हातावर हनुवटी टेकून बसले.
तीनशे वीस पन्हळी.
पहिली इतके दिवस मुकी होती, ते समजलं.
पण शेवटची?
तीनशे विसाव्या हाकेला
अप्पांच्या घरात खोलीच नव्हती.
ती हाक भिंतीपलीकडे जात होती,
दुसऱ्याच कुणाच्या तरी जागेवर लिहून येत होती,
आणि परत येताना शून्य सांगत होती.
झालं म्हणून.

परवा रात्री दोनदा सगळं यंत्र अंधारात गेलं होतं.
मी लाइनवाल्यांना शिव्या दिल्या होत्या.