भोंग्याएवढी जागा

पेटीवर अजून वाचता येतं: म्हमाणे साउंड सर्व्हिस, बाळीवेस.
वडिलांनी रंगवून घेतलेलं, शेवटचा 'स' जरा तिरका.
त्या पेटीतल्या माइकवर अंबय्या गुंडेटी पहिल्यांदा बोलला
तेव्हा मिलच्या गेटसमोर हातगाडीवर उभा होता,
आणि मी, तेरा वर्षांचा, चाकाला दगड लावून खाली बसलेलो.

माइक त्याला नकोच होता खरं तर.
मागाच्या खात्यात बारा वर्षं काढलेला माणूस,
शेजाऱ्याकडं तंबाखू मागायची तरी छाती भरून मागायचा.
वडील बटण खाली घेत राहिले, खाली, आणखी खाली,
तरी कर्णा फाटायचाच.
वाक्यं धोट्यासारखी. इकडून तिकडं. खट.
तिकडून इकडं. खट.
मराठीत सुरू झालेलं तेलुगूत संपायचं.
शिवी कानडी, कारण मुकादम कानडी.
"कांडी संपली की माग थांबतो," म्हणाला,
"आमची भाकरी संपल्यावर काय थांबतं, सांगा की ओ!"

आणि तेवढ्यात तीनचा भोंगा झाला.

बाकीचे पुढारी भोंग्यावर ओरडायचे,
नाहीतर तांब्या तोंडाला लावायचे.
हा नुसता थांबला. तोंड उघडं, हात वर तसाच.
मी एकवीस आकडे मोजले.
भोंगा विरला, आणि वाक्य जिथं तुटलं होतं
तिथंच गाठ मारून त्यानं पुढं नेलं.

मग दिल्ली.
"आम्ही"चं "आमचे कामगार बांधव" झालं,
नंतर "कामगार वर्ग",
आणि एका अर्थसंकल्पाला नुसतंच "हा घटक".
खट गेलं.
वाक्याच्या पोटात वाक्यं आली, "तथापि" आलं, "या निमित्तानं" आलं.
गावात सभा असली की मला बटण वर घ्यावं लागायचं,
वर, आणखी वर,
इतका आवाज त्यानं घडी घालून ठेवलेला.

दोष देत नाही मी. तिथं घंटी वाजते म्हणे,
चार मिनिटांत अख्खा जिल्हा बसवायचा.
आणि त्याच "तथापि"मधून
माझ्या मावशीचं विडीचं पेन्शन सुटलं,
ते कसं नाकारू?

मधल्या काळात मिल बंद पडली.
भोंगा भंगारात गेला म्हणतात,
कुणी म्हणतं हैदराबादला एकानं शोभेला लावलाय.

परवा पार्क मैदानावर त्याची सभा.
मिक्सर पुण्याच्या कंपनीचा, मी तारा सांभाळायला.
समोर काच, काचेवर अक्षरं,
अक्षरं वर सरकवायला टापटिपीचा एक पोरगा.
आता "मी" पण राहिला नव्हता बोलण्यात.
"अंबय्या गुंडेटी शब्द देतो तो पाळतो," अंबय्या गुंडेटी म्हणाला,
जणू त्याला कुठंतरी एकदा भेटलेला.
मग विचारलं, "ही भाकरी थांबली, तर..."

आणि थांबला.
तोंड उघडं. हात वर तसाच.
पोरगा घाबरला, अक्षरं खाली नेली, वर आणली.
लोकांना वाटलं टाळीची जागा, त्यांनी टाळ्या दिल्या.
दिल्लीच्या कुठल्याशा पेपरात छापून आलं होतंच
की हा मौनाची ताकद ओळखणारा वक्ता आहे.
सभागृहाच्या छापील वृत्तांतात मात्र ती जागा सापडत नाही,
एक ओळ संपते, खाली दुसरी सुरू होते.

माझा हात आपोआप बटणाकडं गेलेला,
वडील घ्यायचे तसं खाली घ्यायला.
तिथं बटण नव्हतं.
मी मोजत होतो. अठरा. एकोणीस.
एकोणिसालाच तो पुढं बोलायला लागला,
वय झालं असेल, किंवा टाळ्या लवकर सरल्या.

पहिल्या रांगेत कांडीखात्यातली एक म्हातारी होती.
टाळ्या वाजत होत्या तेवढा वेळ
तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले होते.