हल

या शहराचं नाव हल.
पाय मोडलेल्या अक्षराला हलन्त म्हणतात,
हे पहिल्याच दिवशी तू सांगितलंस,
स्टेशनबाहेर, दोन बॅगा आणि कुकर सांभाळत.
तसलं अक्षर पुढच्याला टेकूनच उभं राहतं म्हणालास.
मी हसले. बहुतेक थंडीनं.

तू गेलास तो मंगळवार, निळ्या डब्याचा.
जाता जाता कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला लावून गेलास,
सवयीनं.
त्या एवढ्या गोष्टीचं काय करायचं
ते मला अजून कळलेलं नाही.

मग मी एका वाटीचा भात लावायला शिकले.
तोही उरायचा.
शेजारची डोरीन भिंतीपलीकडे खोकायची
आणि, खोटं कशाला बोलू,
मी त्या खोकल्याची वाट बघायचे.
नदीचं नाव हंबर. धुक्यात बोटी भोंगा देतात
तेव्हा शोभतं तिला.
वासरू कुणाचं, विचारायचं नाही.

फेब्रुवारीत गॅसच्या बिलामागे लिहायला बसले.
पहिला शब्द आला : आपण.
खोडला. आम्ही लिहिलं.
इथल्या ‘वुई’त कोण आत, कोण बाहेर, पत्ता लागत नाही;
आपल्या भाषेला मात्र बरोबर ठाऊक असतं
दाराबाहेर कोण उभं आहे.

पुढे मंगळवार ओळीत बसेना.
गुरुवार केला.
निळा डबा तपकिरी केला.
तू कधीच न वापरलेली छत्री दिली तुझ्या हातात,
आणि दारात जे बोललास
त्यापेक्षा बरं वाक्य दिलं.

पेन थांबलं.
तुझ्याबद्दल पहिल्यांदाच खोटं बोलत होते मी
आणि मला भूक लागली होती.
सडकून.

रात्री अडीचला गार भात, लोणचं, ओट्याशी उभ्यानंच.
पातेलं खरवडलं.

परत आले तर ओळीत अजून तूच.
खोडून ‘तो’ केलं.
जरा लांब गेला, आणि नीट दिसला :
छत्री काखेत, डबा ओढतोय,
एक चाक कुरकुरतंय,
मफलरचं टोक मागे राहिलंय.
कोपऱ्याशी थांबला.
मागे वळून बघायला त्याला आणखी एक ओळ लागणार होती
आणि बिलाची मागची बाजू संपली.

पाकीट चिकटवल्या जागी उकललं,
उलटं केलं.