बाजूचा एक

ही वही माझ्याकडे आली ती गुडघा गेल्यापासून.
निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. पहिल्या पानावर
कोणाच्या तरी लेकराने काढलेला चेंडू,
दोन्ही टोकांना निमुळता.
आम्ही त्याला सुरुवातीला दुधीच म्हणायचो.
टप्पा दिला की कुठे पळेल त्याचा नेम नाही.
मथुराला मात्र तेच आवडलं.
"आमच्या पेठच्या डोंगरात दगड असेच घरंगळतात," म्हणाली,
"त्यांच्यामागे धावायची सवय आहे."

मथुरा बेंडकोळी. वयाचा रकाना रिकामा.
अंबडला पॅकिंग लाइनवर, आठवड्याला पाळी बदलते.
जर्सी सव्वीस नंबरची. आधी ती माझी होती,
माझ्याआधी शमीमची. शमीम लग्न होऊन मालेगावला गेली.
पाठीवरचा सहा आता पुसून पुसून
नुसता शून्यासारखा दिसतो.

म्हसरूळच्या पुढे, द्राक्षबागा संपतात तिथल्या
एका पडीक तुकड्यावर आमचं मैदान.
गोल म्हणावं तर गोल नाही, चौकोनीही नाही.
खांब म्हणजे बागेतून मागून आणलेले बांबू,
मधले दोन उंच, कडेचे दोन बुटके.
उंचांमधून गेला तर सहा.
उंच आणि बुटक्याच्या मधून गेला, तर एक.

याचं मला अजून नवल वाटतं.
नेम चुकला, तरी एक.
कबड्डीत असं नाही, खोखोत नाही,
भरतीच्या यादीत तर नाहीच.
थोडक्यात हुकल्याबद्दल
आजवर कोणी काही दिलं नव्हतं आम्हाला.

मथुराच्या नावावर सहाचे: एकवीस.
बाजूचे: एकशे चौदा.
बेरीज दोनदा तपासली. हसू आलं,
मग नाही आलं.

बारा वर्षं.
एवढ्यात सदतीस मुली आल्या नि गेल्या.
कोणी पोलिसात लागल्या, कोणी सर्टिफिकेटपुरत्या होत्या.
हेमांगी थेटेला सासरी विचारलं, कुठला खेळ?
तिला धड सांगता आलं नाही.
दोन कोच गेले, त्यातला एक वर्गणीसकट.
मथुरा येत राहिली. रात्रपाळी करून थेट,
बुटांच्या नाड्या बांधता बांधता डुलकी घ्यायची,
आणि चेंडू वर गेला की सगळ्यांच्या डोक्यांवर
तिचेच दोन हात.

काल तिचा शंभरावा. माझ्या हिशोबाने.
तिकडे ऑस्ट्रेलियात म्हणे, मोठा आकडा गाठला
की खेळाडूला खांद्यावर घेऊन मैदानाबाहेर नेतात,
दोन्ही संघ रांगेत उभे राहून टाळ्या वाजवतात.
मी झेंडूचा हार आणला, पाव किलो पेढे,
मोबाइलवर चार ओळींचं भाषणही लिहिलं.
पण मनमाडच्या मुली पाचच आल्या,
दोघींना ताप, बाकीच्यांचा पेपर.
आमच्या नऊमधल्या दोघी त्यांना उसन्या दिल्या.
मथुराच उठून गेली.

शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती.
तिने लांबून लाथ घातली, आमच्याच खांबांकडे.
उंच बांबूला घासून चेंडू बाजूने गेला.
एक.
त्या एकाने आम्ही हरलो.

आता हा सामना कुठे लिहू? आमच्या खात्यात की त्यांच्या?
शंभर लिहू, की नव्याण्णववरच थांबू?
तिला विचारलं. ती बाटली वर धरून पाणी पीत होती.
"या महिन्याची वर्गणी भरली ना मी?"
भरली होती.
"मग?"

हार पिशवीतच राहिला. खांद्यावर घेणार कोण,
सगळ्या दमलेल्या, आणि तिला दुपारची पाळी.
तिने बांबू उपटले.
चार खांद्यावर टाकले, बांधाने शेडपर्यंत नेले,
मागची टोकं वरखाली हलत होती.
परत आली, पलीकडचे चार उपटले.
मी वही उघडी धरून उभी, पेनाचं टोपण दातात.

"लिहिशील गं नंतर," म्हणाली,
"आधी एक टोक धर."

मी वही काखेत मारली
आणि धरलं.